पंचमीची सुकती

ठाण्याहून अलिबागला जायला दोन वाटा आहेत. एक खुष्कीची: पनवेल, पेण, वडखळ असे शंभरेक किलोमीटर. दुसरी पाण्याची: मुंबईच्या गेटवेवरून लाँचने मांडवा आणि तिथून वीसेक किलोमीटर बसने. नववीत शिकणाऱ्या मुलीला ‘भरती-ओहोटी’ हा धडा पुस्तकाबाहेर दाखवायचा असेल तर दुसऱ्या वाटेला पर्याय नाही. म्हणून मागल्या थंडीत आम्ही चौघे, म्हणजे माझी आई, सौ., मुलगी आणि मी, एका दिवसाची ही सफर करायचे ठरवले. बेत कुलाबा किल्ल्याचा होता. अलिबागच्या किनाऱ्यासमोर पाण्यात उभा असलेला हा किल्ला ओहोटीच्या वेळी पायी चालत जाऊन पाहता येतो.

दिवस ठरवण्यावरून घरात वाद झाला. मुलीने शनिवार सुचवला. त्या दिवशी अष्टमी होती आणि ओहोटी बरोबर दुपारी बाराच्या सुमारास येत होती. सकाळी आरामात निघावे, दुपारी किल्ला पाहावा, संध्याकाळी वर्तकनगरला घरी. याहून सोयीचे काय असणार? पण आईचे बालपण रेवदंड्याच्या बाजूला गेलेले. ती म्हणाली, “अरे, अष्टमीला भांग असतो. पाणी धड हटत नाही. जायचे तर पंचमीला जाऊ.” नातीने विचारले, “आजी, भरतीची वेळ तुला कॅलेंडर न बघता कशी कळते?” त्यावर आईने तिला पाऊणकी म्हणून दाखवली.

पाऊणकीचे गणित

आजच्या मुलांना पावकी, निमकी, पाऊणकी हे पाढे ठाऊक नसतात. ‘बे पाऊणे दीड, तीन पाऊणे सव्वादोन’ असा तो पाढा. कोकण किनाऱ्यावर त्याचा एक खास उपयोग होतो. तिथीची पाऊणपट केली की भरतीचा तास मिळतो. पंचमी असेल तर पाच पाऊणे पावणेचार. म्हणजे पावणेचारला भरती, पहाटे एकदा आणि दुपारी एकदा. तीत सहा तासांहून थोडे अधिक मिळवले की ओहोटी, कोकणी माणसाच्या शब्दात सुकती. ती साधारण दहाला. पक्ष शुद्ध असो की वद्य, गणित तेच.

हा नियम का चालतो ते पाहू. पृथ्वी स्वतःभोवती एक फेरी पूर्ण करते तोवर चंद्र आपल्या कक्षेत थोडा पुढे सरकलेला असतो. त्यामुळे चंद्र आज ज्या वेळी डोक्यावर येतो त्यापेक्षा उद्या सरासरी ५० मिनिटे उशिरा येतो. भरतीही तेवढीच उशिरा येते. एका चांद्रमासात म्हणजे साडेएकोणतीस दिवसांत हा उशीर साठत साठत पूर्ण २४ तासांचा होतो. या मासाचे भाग आपण तीस तिथींमध्ये पाडतो, म्हणजे एका तिथीमागे उशीर २४ भागिले ३०, अर्थात ०.८ तास किंवा ४८ मिनिटे. पाऊण तास म्हणजे ४५ मिनिटे. जुन्या लोकांनी चार पंचमांशऐवजी पाऊणपट घेतली. पाऊणकी तोंडपाठ होती आणि चार पंचमांशाचा पाढा कुणालाच येत नव्हता, हेच त्याचे कारण असावे असे मला वाटते.

तीन मिनिटांची ही चूक पंधराव्या तिथीपर्यंत साठते. पौर्णिमेला पंधरा पाऊणे सव्वाअकरा येतात आणि लगेच पुढच्या प्रतिपदेला पाऊण, म्हणजे पाऊण वाजता. एका दिवसात दीड तासाची उडी! समुद्र अशी उडी मारत नाही. शिवाय हा रोजचा उशीरही सारखा नसतो. उधाणाच्या दिवसांत तो कमी असतो आणि भांगाच्या दिवसांत वाढतो. म्हणून या गणितावर अर्ध्या-पाऊण तासाचा भरवसा ठेवावा, त्याहून जास्त नाही. नेमकी वेळ पाहिजे असेल तर भारतीय सर्वेक्षण विभाग दरवर्षी भरती-ओहोटीचे तक्ते छापतो, ते पाहावेत. मुंबईत अपोलो बंदरावर समुद्राच्या पातळीच्या नोंदी १८७८ पासून ठेवल्या गेल्या आहेत. हिंदी महासागरातल्या सर्वांत दीर्घ नोंदींत त्यांची गणना होते. आम्ही तक्ता पाहिला. ओहोटीची वेळ दहाच्या जरा आधीची निघाली. आई नुसती हसली.

आता भांग म्हणजे काय? भरती-ओहोटी घडवणारे दोघे, चंद्र आणि सूर्य. सूर्याचे वस्तुमान चंद्राच्या सुमारे २ कोटी ७० लाख पट आहे, तर अंतर सुमारे ३९० पट. गुरुत्वाकर्षण अंतराच्या वर्गाच्या प्रमाणात घटते, हे मुलांना ठाऊक असते. त्या हिशेबाने सूर्याचा जोर चंद्रापेक्षा किती तरी अधिक भरेल. मग भरती चंद्राची का? कारण भरतीला कारणीभूत होते ते आकर्षण नव्हे, आकर्षणातला फरक. पृथ्वीच्या चंद्राकडील बाजूचे पाणी पृथ्वीच्या केंद्रापेक्षा जास्त ओढले जाते आणि पलीकडच्या बाजूचे पाणी केंद्रापेक्षा कमी. जवळचे पाणी पुढे जाते, लांबचे मागे राहते. म्हणून फुगवटे दोन आणि दिवसातून भरत्याही दोन. हा फरक अंतराच्या घनाच्या प्रमाणात घटतो. ३९० चा घन सुमारे ५ कोटी ९३ लाख. २.७ भागिले ५.९३ म्हणजे ०.४६ च्या आसपास. सूर्याचा वाटा चंद्राच्या निम्म्याहून थोडा कमी, तो असा. फळ्यावर पाच मिनिटांत होणारे हे गणित आहे.

अमावास्या-पौर्णिमेला दोघे एका रेषेत येऊन ओढतात, तेव्हा उधाण. अष्टमीच्या सुमारास एकाची दिशा दुसऱ्याच्या दिशेशी काटकोनात असते, तेव्हा भांग. मुंबईला उधाणाच्या वेळी पाणी सरासरी साडेतीन मीटरहून अधिक चढते-उतरते, भांगाच्या वेळी जेमतेम दीड मीटर. समुद्र मात्र सुस्त आहे. उधाणाचा खरा जोर अमावास्या-पौर्णिमेनंतर एक-दोन दिवसांनी दिसतो आणि भांगही अष्टमीनंतर तितकाच उशिरा. म्हणूनच आईच्या मते पंचमी चालेल पण एकादशी नको. अष्टमीपासून दोन्ही तीनच तिथींच्या अंतरावर. पण पंचमीला उधाणाची पुण्याई शिल्लक असते, एकादशीला भांगाची सुस्ती.

यातून एक गंमत निघते. पाऊणकीप्रमाणे मुंबई-अलिबागकडे पौर्णिमेची भरती नेहमी दुपारी आणि मध्यरात्री बाराच्या आसपास येणार, म्हणजे उधाणाची मोठी ओहोटी नेहमी पहाटे आणि संध्याकाळी सहाच्या आसपास. भर दुपारी बाराची ओहोटी ही नेहमी भांगाचीच असणार. दुपारच्या सहलीला येणाऱ्यांना कुलाब्याची वाट कधीच पुरती उघडी मिळत नाही, त्याचे कारण हे. माझ्या मुलीने निवडलेली सोयीची वेळ नेमकी वाईट होती, तो योगायोग नव्हता.

हे गणित कुठेही लावू नये. फुगवट्यांचे चित्र समजायला सोपे आहे, पण महासागराच्या मध्ये खंड आडवे आलेले आहेत. प्रत्यक्षात भरती ही फार लांबट लाट असते आणि ती प्रत्येक बंदरी आपल्या वेळेने पोचते. चेन्नईला आईची पाऊणकी काही तासांनी चुकेल. चढउताराचेही तसेच. मुंबईसमोर समुद्रबूड जमीन सुमारे तीनशे किलोमीटरपर्यंत उथळ आहे. त्या उथळ पाण्यात लाट उंचावते. पुढे खंभातच्या आखातात ती नरसाळ्यात शिरल्यासारखी दाटते आणि भावनगरला चढउतार दहा मीटरांच्या घरात जातो. कोचीला तो एक मीटरही नसतो.

लाँचवर

पौष वद्य पंचमीला पहाटे पहिल्या गाडीने ठाण्याहून निघून सहाला गेटवेवर पोचलो. मुलीने लाँचमध्ये चढण्यापूर्वी कोरड्या पायऱ्या मोजून वहीत आकडा टिपला. भरती होऊन अडीच तास झाले होते. पाणी उतरणीला लागले होते.

उतारूंना जॅकेट घालायला लावले. १८ डिसेंबर २०२४ रोजी गेटवेवरून घारापुरीला निघालेल्या प्रवासी बोटीवर नौदलाची वेगवान बोट आदळून माणसे दगावली, तेव्हापासून याबाबत सक्ती आली. थोड्या वेळाने लाँचमागे समुद्रपक्ष्यांचा थवा लागला. डाव्या अंगाला तोबा गर्दी झाली, तसा खलाशी ओरडला, “एका बाजूला जमू नका, मागे बसा!” लोक नाराज झाले. मुलीने विचारले, “एवढ्या मोठ्या बोटीला पंधरा-वीस माणसांनी काय होणार?”

प्रश्न बरोबर होता. उत्तर याच पाण्यात आहे. १७ जुलै १९४७ रोजी, आषाढ अमावास्येच्या तोंडावर, ‘रामदास’ ही आगबोट सकाळी भाऊच्या धक्क्यावरून रेवसला निघाली. गटारीसाठी गावी निघालेल्या माणसांनी ती भरली होती. बंदराबाहेर पडताच तुफान पाऊस आणि वारा सुरू झाला. मारा चुकवण्यासाठी उतारू एका अंगाला सरकले, बोट कलली, त्यातच मोठी लाट आली आणि काशाच्या खडकाजवळ ती उलटली. सहाशेहून अधिक माणसे बुडाली. बोटीवर बिनतारी संदेशाची सोय नव्हती. मुंबईला बातमी कळायला दुपार उलटून गेली. रेवसकडून मासळी घेऊन येणाऱ्या कोळ्यांनी आपल्या होड्यांत ओढून घेतले, त्यातले काही वाचले. आईच्या लहानपणी रेवदंड्यात या बोटीचे नाव निघाले की बायका बोलणे थांबवत.

बोट तरंगते हे आर्किमिडीजच्या तत्त्वाने. ती सरळ का राहते, हा निराळा प्रश्न आहे आणि पाठ्यपुस्तके त्याला सहसा हात घालत नाहीत. बोटीचे वजन तिच्या गुरुत्वमध्यातून खाली ओढते. पाण्याचा वर रेटणारा जोर बोटीच्या बुडालेल्या भागाच्या मध्यातून लागतो. बोट कलली की कललेल्या बाजूचा जास्त भाग पाण्यात जातो, त्यामुळे वर रेटणारा जोरही त्याच बाजूला सरकतो आणि बोटीला सरळ करतो. पण तो वजनाच्या ओळंब्यापलीकडे सरकला तरच. गुरुत्वमध्य फार वर असेल किंवा माणसांबरोबर तोही कललेल्या बाजूला गेला असेल, तर जोडी उलटी होते आणि तोच जोर बोट आणखी पाडतो. वरच्या डेकवर दाटी, उभी राहिलेली माणसे, एका अंगाला गर्दी. तिन्ही गोष्टी घातक, त्या यामुळे. त्यातून बोट हळूहळू कलत नाही. एका मर्यादेपर्यंत ती सावरते आणि मर्यादा ओलांडली की एकदम जाते. सावध व्हायला वेळ मिळत नाही.

वर्गात हे दाखवायला साबणाची प्लॅस्टिकची डबी आणि परातभर पाणी पुरते. दहा नाणी डबीच्या तळाशी पसरून बोटाने कलवा, ती सावरेल. तीच नाणी डबीत काड्यापेटी उभी करून तिच्या टोकावर रचा, मग कलवा. वजन तेच, तरंगणेही तेच, पण परिणाम? आमची लाँच कॅटामरान पद्धतीची होती, म्हणजे दोन अरुंद सांगाडे अंतरावर ठेवून वर जोडलेली. बूड रुंद झाले की वर रेटणारा जोर बाजूला चटकन सरकतो. आपल्या कोकणातल्या होडीला एका अंगाने उलांडी लावतात, ती याच विचाराने.

किल्ल्याची वाट

नऊला आम्ही अलिबागच्या किनाऱ्यावर उभे होतो. समोर ओली वाळू, खडक, मधे पाण्याची उथळ डबकी, आणि पलीकडे तटबंदी. शिवाजी महाराजांनी मार्च १६८० मध्ये, निधनाच्या काही दिवस आधी, या किल्ल्याचे बांधकाम सुरू करवले. संभाजी महाराजांच्या काळात ते पुरे झाले. पुढे कान्होजी आंग्रे यांच्या आरमाराचे हे ठाणे बनले. आत रघुजी आंग्रे यांनी बांधलेले सिद्धिविनायकाचे मंदिर आणि गोड्या पाण्याची पुष्करणी आहे.

तटाचे मोठमोठे दगड पाहावेत. त्यांच्यामध्ये चुना भरलेला नाही. ही कुचराई नव्हे. लाट सपाट, सलग भिंतीवर आपटली की सगळा मार एकदम बसतो, आणि आत कोंडलेले पाणी परतताना दगड बाहेर ढकलते. फटी मोकळ्या असल्या की पाणी आत शिरते, फाटे फुटून त्याची ताकद घटते आणि ते आल्या वाटेने निघून जाते. आजही बंदरांत लाटा अडवण्यासाठी दगडांचा किंवा काँक्रीटच्या चौपायांचा सुटा ढीग रचतात, त्यामागे हाच हिशेब असतो.

परतीला आम्ही अकराला निघायला हवे होते. साडेअकरा झाले, आणि चूक माझी. अकराला मी तटावरून पाहिले तेव्हा ओहोटी होऊन तास झाला होता आणि पाणी वीतभरच चढलेले दिसत होते. मी म्हणालो, तासाला वीतभर, मग आणखी तासाभराने दोन वीत. शेजारचा सर्जेकोट पाहून घेऊ. गणिताच्या शिक्षकाने सरळ रेषा काढली, पण समुद्र सरळ रेषेत चढत नाही.

दर्यावर्दी लोक बारा भागांचा एक हिशेब ठेवतात. ओहोटीपासून भरतीपर्यंत सहा तास. एकूण चढाचे बारा भाग केले तर पहिल्या तासात एक भाग चढतो, दुसऱ्यात दोन, तिसऱ्यात तीन, चौथ्यात तीन, पाचव्यात दोन आणि सहाव्यात एक. त्या दिवशीचा चढ तीन मीटर धरा. पहिल्या तासात २५ सेंटीमीटर, दुसऱ्यात ५०, तिसऱ्यात ७५. ओहोटीला जी जागा नुकती उघडी पडली, तिथे अकरा वाजता पाणी पोटरीला, बाराला मांडीला आणि एक वाजता गळ्याशी. झोका टोकाला रेंगाळतो आणि मध्यावर सुसाट जातो, तशातलाच प्रकार. पहिल्या तासाचा संथपणा पाहून माणूस फसतो.

शिवाय वाट सगळीकडे सारख्या उंचीची नाही. किल्ल्याच्या पायथ्याशी खडक कोरडा दिसत असतो आणि मधला खोलगट भाग मात्र भरलेला असतो. आम्हाला तिथे गुडघाभर पाणी लागले. खोलीपेक्षा भीती वाटली ती ओढीची. वाहत्या पाण्याचा वेग दुप्पट झाला की पायावरचा जोर चौपट होतो. आईचा एक हात मी आणि एक सौ.ने धरला, मुलगी पुढे. आई एक शब्दही बोलली नाही, आणि तेच जास्त बोचले. काठावर येऊन मागे पाहिले, तर दहा-बारा जणांचा एक घोळका हसतखेळत पाण्यात उतरत होता. आई त्यांच्याकडे गेली आणि म्हणाली, “बाळांनो, आता गेलात तर रात्रीशिवाय परत येणे नाही. होडीने जा.” त्यांतले अर्धे थांबले, उरलेले थोडे पुढे जाऊन मांडीभर पाण्यातून परतले.

ट्रामने हलवलेली वेधशाळा

दुपारच्या जेवणानंतर किनाऱ्याजवळच असलेली चुंबकीय वेधशाळा बाहेरून पाहिली. अलिबागला येणाऱ्या शंभरातल्या नव्वदांना ती ठाऊक नसते. पृथ्वीच्या चुंबकत्वाच्या नोंदी मुंबईत कुलाब्याच्या वेधशाळेत १८४१ पासून होत होत्या. सप्टेंबर १८५९ च्या आरंभी सूर्यावरून आलेल्या वादळाने जगभरच्या होकायंत्रांना हादरवले, तेव्हाच्या कुलाब्याच्या नोंदी इतक्या चांगल्या होत्या की २००३ साली शास्त्रज्ञांनी त्या वादळाची तीव्रता काढण्यासाठी त्यांचाच आधार घेतला.

पुढे मुंबईत विजेच्या ट्राम येणार असे ठरले. ट्रामच्या रुळांतून आणि जमिनीतून वाहणारी वीज स्वतःचे चुंबकीय क्षेत्र तयार करते. नाजूक उपकरणांना पृथ्वी कोणती आणि ट्राम कोणती हे कळेना झाले असते. वेधशाळेचे पहिले भारतीय संचालक डॉ. नानाभाई मूस यांनी दूरची जागा शोधली. १९०४ मध्ये अलिबागला वेधशाळा सुरू झाली. चुंबकाकडे ओढला जाणारा एकही पदार्थ इमारतीत येऊ दिला नाही. मूस यांनी एक शहाणपणाची गोष्ट केली: जुनी बंद करून नवी उघडली नाही, तर १९०६ पर्यंत दोन्हीकडे एकाच वेळी नोंदी घेतल्या. त्यामुळे दोन ठिकाणांतला फरक कळला आणि १८४१ पासूनची साखळी अखंड राहिली. जागा किंवा उपकरण बदलताना काही काळ दोन्ही चालू ठेवावे, हे प्रयोगवहीत लिहून घेण्यासारखे आहे. विजेची ट्राम १९०७ मध्ये धावू लागली आणि १९६४ मध्ये मुंबईतून कायमची गेली. वेधशाळा अलिबागलाच आहे.

परतीची लाँच मांडव्याहून निघाली तेव्हा दुपारची भरती नुकतीच होऊन गेली होती. साडेपाचला गेटवेवर उतरल्यावर मुलीने पायऱ्या पुन्हा मोजल्या. सकाळी कोरड्या असलेल्या चार पायऱ्या पाण्याखाली होत्या. बारा भागांच्या हिशेबाने, सकाळी भरतीनंतर अडीच तासांनी पाणी साडेचार भाग उतरले होते आणि आता दीड तासाने दोन भाग. फरक अडीच भागांचा, म्हणजे साठ-पासष्ट सेंटीमीटर. चार पायऱ्यांनी भागा, पायरीची उंची पंधरा-सोळा येते. तिने पट्टीने एक पायरी मोजली. सतरा निघाली.

अलिबागला जाणे सर्वांना जमेल असे नाही, पण हीच भरती ठाण्याच्या खाडीतून वर चढत कळव्याच्या पुलाखाली येते. पुलावरून पाणी दिसते आणि खांबांवर ओल्या-कोरड्याची रेघही दिसते. पंधरा दिवस एका ठरावीक वेळी ती रेघ नोंदवायला सांगा. कळव्याला भरती अपोलो बंदराच्या तक्त्यापेक्षा किती मिनिटे मागाहून येते, हे विद्यार्थ्यांनाच शोधू द्या. मुलीने वद्य षष्ठीपासून सुरुवात केली आहे. पहिले तीन दिवस आजी बरोबर आहे.